उजव्या हाताची बाही

९ फेब्रुवारी
सकाळी खाकी शर्टाची उजवी बाही दंडातच अडकली. ओढली तर शिवण उसवली. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, काखेतल्या गाठीही तेव्हाच काढल्या. सुटले असं धरून चालले होते. आता हा हात.
ह्यांना दाखवला नाही. वरून स्वेटर चढवला आणि परळी गाडीवर कंडक्टरच्या ड्यूटीला गेले. सिरसाळ्यापर्यंत बोटं इतकी भरली की तिकिटाच्या मशीनवर एकाच्या जागी दोन बटनं दाबली जायला लागली. एक म्हातारबाबा म्हणाले, "बाई, दोन तिकिटं कावून? मी एकलाच हाय की."
हसले.

१२ फेब्रुवारी
मेडिकलातून सूज दाबून धरणारी तयार बाही आणली. माप बीप काही नाही, "ताणती ती, ताई," एवढंच. दिवसभर घातली. वरची कड गुंडाळून दंडात दोरीसारखी रुतली, आणि खाली पंजा टम्म. संध्याकाळी बांगड्या निघेनात. साबण लावून ओढत होते तेवढ्यात हे आले.
"किती दिवसांचं हाय हे?"
मी बांगडी ओढतच राहिले.
"रेखा, मी इचारतोय."
उद्या सकाळी बीडला.

१३ फेब्रुवारी
बीड. फिजिओ मॅडम वयानं आमच्या लेकीहून, पल्लवीहून, थोड्याच मोठ्या. काखेतल्या गाठी काढल्यावर हातातलं पाणी वर जायची वाटच अडली, म्हणाल्या. ऑपरेशनच्या वेळी सांगितलंही असेल कुणी. तेव्हा जगते का मरते एवढंच डोक्यात होतं.
"पूर्ण बरा होईल का?"
"नाही. पण ताब्यात राहील. रोज करावं लागेल, कायम."
आधी पट्ट्या बांधून सूज उतरवायची, मग माप घेऊन बाही, पंज्याला वेगळा हातमोजा. त्या हाताला सुई नाही, बीपी नाही, खरचटणं नाही.
स्टँडवर नळाखाली तोंड धुतलं. रडल्याचं ह्यांना कळलं असणार. उसाचा रस आणला.

२ मार्च
रजा चालू. पट्ट्या हे बांधतात. आधी मऊ कापड, मग फोम, मग पट्टीवर पट्टी. पहिल्या दिवशी कडब्याची पेंढी आवळावी तशी आवळली, बोटं निळी. सगळं सोडून पुन्हा. आता बोटांकडे घट्ट आणि वर सैल हे हाताला बसलंय त्यांच्या. बांधताना जीभ दातात धरतात.
डेपोतून साहेबांचा फोन. "बुकिंगच्या खिडकीत कायमचं बसा. अर्ज द्या, मी सही करतो." भल्यासाठीच म्हणाले.
हे खूश. मी म्हटलं, नको.
"जीव वाचलाय. आता हात कावून घालवती?"
जेवण तसंच राहिलं दोघांचं.

१७ मार्च
मापाची बाही आली. चढवता चढवता घाम फुटला. पल्लवीनं भांडी घासायचे रबरी हातमोजे दिले, त्यानं पकड येते आणि सुरकुती पडत नाही. झोपेतून उठल्या उठल्या घालायची, हात भरायच्या आत.
खिडकीत का नको, ते पल्लवीनं विचारलं. नीट सांगता आलं नाही. माझ्या गाडीत बाया वडवणीच्या बाजाराला जातात, बाळंतिणी माहेरी येतात, ऊसतोडीहून परतलेली माणसं दारात बसून झोपतात. मी हाक मारली की गाडी थांबते, घंटी दिली की निघते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा माणसात आले ते त्याच गाडीत.

५ एप्रिल
ऊन सहन होत नाही. बाहीच्या आत भट्टी. दुपारी काढून फेकली. तिन्हीसांजेला हात दगडासारखा. पुन्हा असं करायचं नाही. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या बाही न काढता वरून पाणी शिंपडा. जमतं.

२१ एप्रिल
शेळ्या आत घेताना बाभळीचा काटा ओरखडला. एवढासाच. दुपारपर्यंत हात लालभडक, थंडी वाजून ताप. दवाखान्यात ठेवून घेतलं. सलाईन डाव्या हाताला, हे नर्सला तीनतीनदा सांगत होते. बाही काढून ठेवलीय.
हे उशाशी बसून. "खिडकीचं बघ ना, रेखा."
आज नाही म्हणायची ताकद नव्हती. हो पण म्हटलं नाही.

६ मे
लाली गेली. मॅडमनी बाही पुन्हा चालू करायला सांगितली. हात थोडा वाढलाय, उतरेल म्हणाल्या.
लतीफभाई आले होते. परळी गाडीचे ड्रायव्हर, वर्षानुवर्षं माझ्याच जोडीला. ह्यांना म्हणाले, "भाऊ, डाव्या हातानं जमतंय का बघू तर द्या बाईंना. न्हाई जमलं तर मीच सांगतो खिडकीत बसा म्हणून."

९ मे
डेपोत उभ्या गाडीत सराव. लतीफभाईंनी साहेबांना विचारून ठेवलं होतं. हे प्रवासी. दर सीटवर जाऊन बसायचे आणि नवं गाव सांगायचे. मशीन उजव्या हातात नुसतं धरलेलं, बटनं डाव्या अंगठ्यानं. घंटीची दोरीही डाव्यानं.
मागच्या सीटवरून म्हणाले, "एक तलवाडा."
"ही गाडी तिकडं जात न्हाई."
"मग उतरवा आमाला."
मी 'थांबवा' म्हणून हाक मारली. हे खरंच उतरले आणि खाली उभे राहून हसायला लागले. ऑपरेशननंतर त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.
घरी येताना म्हणाले, "जमतंय तुला." एवढंच.

२० मे
डॉक्टरांनी लिहून दिलं. बाही घालून काम करता येईल, ओझं उचलायचं नाही, महिन्यानं फेरतपासणी. साहेबांनी कागद दोनदा वाचला.
"हात वाढला तर खिडकी. मग वाद न्हाई."
"न्हाई, साहेब."
नवीन शर्ट शिवायला टाकला. उजवी बाही सैल.

२७ मे
गाडीवर आठवडा झाला. हात संध्याकाळी जड होतो, सकाळी उतरतो. काल मनगट जरा जास्त वाटलं. मॅडमना उद्या दाखवणार. लपवणार नाही.
आज तेलगावला एक बाई चढली. माझ्याच वयाची असेल. उजवा हात पदराखाली, तिकीट डाव्या हातानं घेतलं. सारखी माझ्या बाहीकडं बघत होती. गर्दी कमी झाल्यावर हळूच म्हणाली, "हे कशानं घालावं लागलं, ताई?"
सांगितलं. ऑपरेशन, काख, सगळं. ती खिडकीबाहेर बघत बसली. मग पदर बाजूला केला. हात माझ्याहून दुप्पट.
"घरी कुणाला दाखवलाय का?"
"न्हाई."
मॅडमचा पत्ता तिकिटामागं लिहून दिला. वडवणी आली. ती उतरली, तिकीट मुठीत धरून तिथंच उभी राहिली. लतीफभाई आरशात बघत होते. मी घंटी दिली नाही.
"उद्या सकाळी हीच गाडी बीडला जाती," मी दारातून म्हटलं. "मी हाय गाडीवर."
मग मी दोरी ओढली.