खाटेवरचा यवतमाळचा पाहुणा

तांडा, ता. महागाव
भर मे महिना

प्रिय सलील,

शामचा रामराम घे. तुला पत्र लिहीन लिहीन म्हणत कधीपासून पेन खिशात घेऊन हिंडून राह्यलो. त्या पेनाने आर्णीच्या बाजारात एका म्हाताऱ्याला पत्ता लिहून दिला, उमरखेडच्या बसमध्ये एका रडक्या पोराच्या मनगटावर घड्याळ काढून दिलं, फक्त तुझं पत्र तेवढं राहिलं. (फोन करता आला असता, पण पहिल्याच वाक्याला तू तापून फोन ठेवला असतास. कागद बिचारा पुरतं बोलू देतो.) शोभाकाकूंचे गुडघे कसे आहेत? यज्ञेश्वरकाका रिटायर होऊनही सकाळी डबा भरून मागतात आणि तो अंगणात बसून खातात, असं ऐकलं. खरं आहे का? दोघांना नमस्कार. तू बरा असशीलच. नसशील तर हे पत्र बरा झाल्यावर वाच.

तर तुझा कॉम्प्युटर. आधीच सांगतो, तो जिवंत आहे.

बंगळूरला ट्रेनिंगला जाताना तू तो यवतमाळला, तुमच्या घरी, माझ्या धाकट्या बहिणीसाठी, बबितासाठी माझ्या हाती दिलास आणि म्हणालास, "शाम्या, वापरा खुशाल, पण आतल्या सेटिंगला हात लावायचा नाही." मी मान हलवली होती. पण काय वस्तू बनवलीस रे! पोळ्यांच्या डब्याएवढं खोकं, आणि आत बोट फिरवायला जागा नाही. वायरी अशा बांधल्यास की आमच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, कांचळीच्या चोळीवरच्या काचासुद्धा इतक्या नेटक्या बसलेल्या नाहीत. मी नागपूरला लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे होतो, तिथले कॉम्प्युटर टेबलाखाली म्हशीसारखे बसलेले असायचे. (त्या माणसाने एका वरातीच्या सीडीत दुसऱ्याच नवरदेवाचा घोडा घातला होता. नवरीच्या मामाने तो ओळखला, नवरदेव मात्र कोणालाच ओळखू आला नाही. असो.)

बबिताने त्यावर कार्टून फिल्म केली. जुन्या काळी मिठाच्या गोण्या वाहणारा एक बैल वाटेत बसतो आणि काही केल्या उठत नाही, अशी गोष्ट. सगळी माणसं आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतात. बैलाचा आवाज म्हणून तिने आमच्या बापूंचं घोरणं चोरून रेकॉर्ड केलं. नागपूरच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकायचं तर ही फिल्म रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. आणि शुक्रवारी सकाळी तुझा डबा सांगतो, फिल्म तयार व्हायला सोमवारची दुपार लागेल! पोरगी जेवणावरून उठली. वर्षभर तिने दुसरं काही डोक्यात आणलं नव्हतं.

प्रोसेसरला नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात, एवढं मी त्या व्हिडिओवाल्याकडे ऐकलं होतं. (ऐकलं म्हणजे, चहा आणायला जाता जाता ऐकलं.) म्हटलं, सोमवारचा रविवार करायला असा कितीसा वेग लागतो? आत शिरलो आणि एक आकडा वाढवला. चालला. आणखी वाढवला, तरी चालला. माझी छाती फुगली. पुन्हा वाढवला तर पडदा निळा. व्होल्टेज जरा चढवलं, तर हा गडी परत उठून उभा! दोन नखांएवढी चकती, पण जिगर बघ. फक्त तापला असा की डब्यावर पापड भाजावा. आणि तापला की तो जीव वाचवायला आपणहून हळू होतो म्हणे. म्हणजे मी जितका पळवू, तितका तो रेंगाळे. फिल्म आता मंगळवारवर गेली.

बाहेर ऊन असं की कुत्री नालीत निजलेली. घरात कूलर एकच, आणि दुपारी त्याच्यापुढच्या खाटेवर बापू. त्यांनी एक डोळा उघडला.

"या डब्ब्यात काय शिजवून राह्यले बे?"

बबिता म्हणाली, "बापू, हा गरम झाला का हळू होते. रविवारपर्यंत नाही झालं तर माह्यं नागपूर गेलं."

बापू उठले, आपली चादर झटकून घडी केली आणि म्हणाले, "याले इथं निजव. पाणी उडते, जरा दूर ठेव."

"अन तुमी?"

"मले कोणतं नागपूरले जायचं हाये?"

आणि डोक्यावर टॉवेल टाकून लिंबाखाली जाऊन बसले. सलील, मी बारा गावचं पाणी प्यालो, पण मे महिन्यात आपला कूलर सोडणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

आता तुला ठाऊक आहे, आमच्या तांड्यात दुपारी घरधनी झाडाखाली आणि कूलर आत चालू, याचा अर्थ एकच होतो: घरात जावई, झालेला नाहीतर होणारा. शेजारची हंसाकाकी आलीच. "देवसिंगभाऊ, जावई आले का जी?"

उन्हाने चिडलेले बापू म्हणाले, "आला. गलका करू नको, काम करून राह्यला."

"कोन्या गावचा?"

"यवतमाळचा."

"सभाव कसा हाये?"

"रातदिवस काम करते. खाणंपिणं काही मागत नाही."

काकी घरी गेली आणि पन्ह्याचा तांब्या घेऊन आली. रविवारी दिवस मावळायच्या आत फिल्म झाली, गेलीसुद्धा. मी आधीच वेग वाढवून ठेवला होता म्हणून निभावलं, हे तू मान्य करशीलच.

तुझा,
शाम

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. कॉलेजने बबिताला मुलाखतीला बोलावलं आहे आणि आणखी एक छोटी फिल्म आणायला सांगितली आहे. तेव्हा डबा जूनअखेरपर्यंत इथेच असू दे. नाही म्हणू नकोस.

दुसरा ता. क. बबिताने पत्र वाचलं आणि पोट धरून हसली. मी शुक्रवारी चहाला गेलो तेव्हाच तिने माझे सगळे आकडे पुसून तुझे होते तसे करून ठेवले होते म्हणे. फिल्म तुझ्याच वेगाने निघाली, बाकी काम कूलरचं. म्हणजे मी तुझा शब्द मोडला, पण त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हा मोडला नाही असंच धर.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवत होतो तर दारात मोटरसायकल थांबली. पाठीवर बॅग, तोंड लालबुंद, आणि माणूस तू! डबा न्यायला आलास ना? बापूंनी तुला "यवतमाळचा का?" असं विचारलं, तू हो म्हणालास, आणि ते हंसाकाकीने ऐकलं. ती पन्हं आणायला पळाली, बबिता मागच्या दाराने पळाली. हे पत्र तुझ्या हातातच देतो, पन्हं प्यायच्या आधी वाच. बापूंनी डबा जागचा हलवला नाही. खाटेवर त्याच्या बाजूला तुझ्यापुरती जागा केली आणि कूलर जरासा तुझ्याकडे वळवून राह्यले.