एका बेटावर दोघं भाऊ

अब्बासिया, कुवेत
२५ फेब्रुवारी

प्रिय आदिल,

तुला अम्मीचा सलाम आणि पोटभर दुवा. माझं नाव दिसलं की तू फोन पालथा ठेवतोस, हे मला ठाऊक आहे. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो सिराजच्या मोबाइलवर पाठवते आहे. एका खोलीत राहता, तो तुझ्यासमोर धरेल. अक्षराला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून वाणसामानापलीकडे मी काही लिहिलेलं नाही.

इथे आज कुवेतचा राष्ट्रीय दिवस. गाड्यांना झेंडे, कंपनीच्या बसला झेंडे, खालच्या बकाल्याच्या दुकानाच्या दारातही झेंडे. शेजारच्या राजश्रीची स्वरा गालावर झेंडा रंगवून आली आणि मला पिचकारीने भिजवून गेली. मी तिच्यावर खेकसले. मग वाईट वाटलं, हाक मारून खजूर दिले. पोरीचा काय दोष? राजश्री आपल्या खाडीपलीकडची, गुहागरची, तिला सगळं माहीत आहे. थोड्या वेळाने गरम घावणे देऊन गेली. खरं सांगू, नोव्हेंबरपासून मला कुठलाच झेंडा बघवत नाही. रमजान तोंडावर आला आहे, घरात अजून काही भरलेलं नाही. कशातच मन लागत नाही.

तुझे अब्बा अजून त्या दोन तिकिटांवरून स्वतःला बोल लावतात. कुवेत सिटीतल्या सगळ्या सरकारी खिडक्यांवर ज्याचा वट, कंपनीतल्या कितीतरी माणसांचे इथे राहायचे इकामे ज्याने काढून दिले, असा हा मंदूब स्वतःच्या पोरांच्या बाबतीत फसला. तुला हॉटेलात नोकरी एका एजंटने लावली, जहीरला कॉलेजात प्रवेश दुसऱ्याने मिळवून दिला. दोन्हीकडे सायप्रसच लिहिलेलं. अब्बा म्हणाले, एवढंसं बेट, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढं. दोघं एकाच खोलीत राहतील, थोरला धाकट्यावर लक्ष ठेवील. एकाच आठवड्यात तुम्हा दोघांना मी इथल्या विमानतळावर सोडलं. तू दक्षिणेत उतरलास, तो इस्तंबूलवरून उत्तरेत. मग कळलं की मध्ये तारेचं कुंपण आहे. इकडे ग्रीक, तिकडे तुर्की, आणि उत्तरेत उतरलेल्या आपल्या माणसाला दक्षिणवाले घुसखोर धरतात. तू पलीकडे गेलास तर परत घेणार नाहीत, असं तुझ्या मालकाने घाबरवून ठेवलं. सुरुवातीला आम्ही हसलो रे. जहीरसाठी घेतलेलं जाकीट तू कुवेतला पाठवलंस, मी ते इस्तंबूलला जाणाऱ्या माणसाकडे दिलं, आणि अर्धा हिवाळा सरल्यावर ते त्याच्या अंगात गेलं. राजश्री म्हणाली, हफिजाभाभी, हा तर द्राविडी प्राणायाम झाला! आपल्या दाभोळच्या खाडीला निदान फेरीबोट तरी आहे.

तेव्हापासून मी त्या बेटासाठी दुवा मागायला लागले. इथे कुणी नवऱ्याच्या तब्येतीसाठी मागतं, कुणी पोराच्या नोकरीसाठी. मी नमाजानंतर हात उचलून मागायची, या अल्लाह, सायप्रस एक कर. नकाशावर मला ते सापडतही नव्हतं. दोन्हीकडचे पुढारी बोलायला बसले अशी बातमी आली की मी शिरा करायची. बोलणी फिसकटली की तुझे अब्बा शिरा खाता खाता म्हणायचे, पुढच्या वेळी साखर कमी घाल. त्यांच्या भांडणात कोण खरं, कोण खोटं, ते मला आजही कळत नाही. दोन्हीकडच्यांची घरं गेली, दोन्हीकडच्यांची माणसं गेली, असं तूच सांगायचास. मला बापडीला एक गल्ली उघडून हवी होती, एवढंच.

गेल्या ईदला तुम्ही ठरवून निकोसियाच्या बाजारातल्या त्या गल्लीत गेलात, जिथे दोघांच्या चौक्या समोरासमोर आहेत. तू या टोकाला, जहीर त्या टोकाला, आणि तुझ्या फोनवर मी. गर्दीत तू त्याला दिसेनास, म्हणून त्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि हवेत गरागरा फिरवला. इथल्या मुबारकियाच्या बाजारातून अब्बांनी तुम्हा दोघांना घेऊन दिलेला, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा. तिकडचा झेंडाही लाल-पांढरा, हे त्या खुळ्याच्या डोक्यातही आलं नसेल. तुझ्या बाजूच्या एका म्हाताऱ्याला वाटलं, हा पोरगा आपल्याला डिवचायला झेंडा नाचवतोय. तो ओरडला, माणसं जमली, पोलीस आला, आणि तू उत्तराला हात हलवत होतास म्हणून तुझेच कागद मागितले. त्यांची मुदत संपलेली. शिपाई भला होता, दम देऊन सोडलं, पण पुन्हा इथे दिसलास तर उचलीन म्हणाला. मला फोनवर फिरणारा रुमाल तेवढा दिसला, जहीरचा चेहरा काही दिसला नाही. त्यानंतर तू त्या गल्लीत पाऊल टाकलं नाहीस. तुम्ही भावांनी एकमेकांना पाहिलं ते तेवढंच.

नोव्हेंबरात तिकडचा राष्ट्रीय दिवस होता. कॉलेज सांभाळून जहीर ज्याच्याकडे कामाला जायचा, त्या ठेकेदाराने पोरांना इमारतींवर झेंड्यांच्या माळा बांधायला लावलं. ज्या झेंड्याशी त्याचं घेणं ना देणं, तो बांधताना माझा जहीर वरून पडला. तिथे आपली वकिलात नाही. एका तुर्कस्तानाशिवाय त्या राज्याला कुणी राज्य मानत नाही, मग त्याच्या शिक्क्याला तरी कोण शिक्का मानणार? त्याला घरी आणायला तुझ्या अब्बांनी सगळे उंबरे झिजवले आणि शेवटी हात टेकले. मय्यत किती दिवस थांबवायची? त्याच्या खोलीतल्या पाकिस्तानी आणि बंगाली पोरांनी त्याला आंघोळ घातली, खांदा दिला, तिथल्याच मातीत ठेवलं. अल्लाह त्यांचं भलं करो. आम्ही फोनवर बघत होतो. फोनच्या दुसऱ्या चौकोनात तू होतास, तुझ्या गच्चीवर, आणि तुझ्या पाठीमागे त्याच्या बाजूचे डोंगर दिसत होते. अब्बा पुटपुटले, इथून तिथे रिक्षाने जाता आलं असतं. तू रडला नाहीस. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मग सिराजने एक व्हिडिओ पाठवला. बेट एक करा म्हणणाऱ्यांचा मोर्चा, आणि त्यात आमचा आदिल, परक्या भाषेत गळा फाडून घोषणा देतोय. राजश्री म्हणाली, भाभी, तुमचा मुलगा पुढारी झाला की! मी हसले आणि मोरीत जाऊन रडले. असल्या गर्दीत एखाद्या शिपायाने कागद विचारले तर काय करशील? आणि तुझ्या ओरडण्याने गेट उघडणार आहे का? बाळा, मी तुझ्याआधीपासून ओरडते आहे, तेही थेट वर. अब्बांनी तुला समजावलं, आपणहून परत जाणाऱ्यांना तिथलं सरकार तिकीट देतं, सही कर आणि गावी ये. तू म्हणालास, जहीरला तिथे एकटं टाकून मी येणार नाही. त्या दिवसापासून तू फोन घेत नाहीस.

सिराजवर रागावू नकोस. काल त्याने रडत रडत मला सांगितलं की ईदच्या आधी शेतांतून, तारेखालून पलीकडे नेणारा माणूस तू गाठला आहेस. भावाच्या कबरीवर मूठभर माती घालायची आहे तुला. तिथे दोन्हीकडे सैनिक आहेत, कुठेकुठे जुने सुरुंग अजून पुरलेले आहेत, हे मला तूच सांगितलं होतंस. आदिल, हे पत्र त्यासाठी आहे. जाऊ नकोस. तुझ्या अब्बांना मी हे कळू दिलेलं नाही, त्यांची छाती आता पेलणार नाही. माझा इकामा मी रद्द करायला दिला आहे. ईदच्या आत दाभोळला जाऊन घर उघडते, तू तिथे ये. मोठा भाऊ म्हणून जे करायचं ते तू केलंस, कुणी तुला बोल लावणार नाही. जहीर आता कुणाची वाट बघत नाही रे, वाट मी बघते आहे. माझे दोन्ही मुलगे त्या बेटावर असे एकत्र आलेले मला नको आहेत.

तुझीच,
अम्मी