सागवानी बाक आणि बाळची पांढरी पँट

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत, म्हणजे या वयात जितकं बरं असता येतं तितकी. तुझा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून सांगितलं ते सगळं तू करतेसच आहेस, असं मी धरून चालते.) तुझं पत्र पोचलं. त्यात माझ्या प्रकृतीची चौकशी एका ओळीत आहे आणि उरलेल्या सगळ्या कागदावर बाळची पँट. मी ती मुद्दाम खराब केली, असा तुझा आरोप आहे. ज्या मुलाच्या कानावरचे केस पांढरे झाले तो अजून पँटची तक्रार आईकडे नेतो, यातच सगळं आलं. पण आरोप झालाय तर खुलासा झालाच पाहिजे. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून मी इतरांचं बोलणं वेळ संपली की तोडत आले. आता माझं कोणी तोडायचं नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ करते. बाळ माझ्याकडे आला होता तो, महिनाअखेरीस तो तुला कायमची आपल्या त्या उंच इमारतीतल्या घरी नेणार आहे, हे सांगायला. तू अजून हो म्हटलेलं नाहीस आणि नाहीही म्हटलेलं नाहीस, हेही त्यानेच सांगितलं. भावजी गेल्यापासून तू त्या घरात एकटी आहेस, तशी राहू नयेस, हे मलाही पटतं. कुठे राहावंस हा सर्वस्वी तुझा प्रश्न. मी त्यात अवाक्षर काढणार नाही. हे पत्र फक्त पँटबद्दल आहे, आणि पँट समजायची तर बाक समजला पाहिजे.

मागच्या अंगणात बसायला लाकडी बाक घ्यावा असं माझ्या मनात आलं. आमच्या ह्यांचं म्हणणं, प्लास्टिकच्या खुर्च्या काय वाईट आहेत? (वाईट काही नाही. त्या वाऱ्याने शेजारच्या अंगणात जातात, आणि शेजारी त्या परत देताना तासभर बसतो.) मग आम्ही फर्निचरच्या दुकानात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने मला एक चकचकीत बाक दाखवला आणि म्हणाला, “आजी, अस्सल साग. याला आयुष्यात काही करावं लागत नाही.” मी विचारलं, मला आजी म्हणायला तुझी आई माझ्या पोटी जन्मली होती का? तेव्हा तो मॅडमवर आला. मी बाकाचं एक टोक एका हाताने उचललं, आणि ताई, ते उचललं गेलं. साग असा उचलला जात नाही. साग उचलताना माणसाला आपलं वय कळतं. मग मी यांना बाक उलटा करायला लावला आणि किल्लीने खालच्या बाजूला ओरखडा काढला. आत पांढरंफटक लाकूड. मुलगा म्हणाला, “मॅडम, उलटं करून कोण बघतं?” मी म्हटलं, बाळा, बाक उलटा करूनच बघायचा असतो. वरून काय, तूसुद्धा बरा दिसतोस.

शेवटी त्यांच्या गोदामाच्या कोपऱ्यात मला हवा तो सापडला. पॉलिश नाही, नक्षी नाही, पाठ सरळ, हात रुंद. बोट फिरवलं की किंचित तेलकट लागतो आणि वास जुन्या दप्तरासारखा. गिऱ्हाइकं त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हती म्हणून तो मागे टाकला होता. मुलगा म्हणाला, तुम्ही दोघंच ना, मग दोघांचा घ्या, हा तिघांचा आहे. मी तिघांचाच घेतला. यांना पेपर पसरून वाचायची सवय आहे, एवढंच कारण.

मला तोच का हवा होता, हे तुला सांगायला नको. पण तू बाळच्या नादाने सगळं विसरत चालली आहेस म्हणून सांगते. कॉन्व्हेंटच्या बागेतला बाक आठव. त्यावर फक्त सिस्टर बसायच्या आणि शनिवारी तो धुवायच्या त्या आठवड्यातल्या शिक्षा झालेल्या मुली, म्हणजे बहुतेक आपण दोघी. मी उलट उत्तर दिलं म्हणून आणि तू त्यावर हसलीस म्हणून. साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि लाकडाच्या रेषेरेषेने घासायचं. ब्रश आडवा गेला की शिवणाच्या सिस्टर मागून म्हणायच्या, “मांजराला उलटं कुरवाळतात का?” तेल नाही, पॉलिश नाही, काही नाही. उन्हापावसात राहून तो बाक रुपेरी झाला होता, अगदी सिस्टरांच्या केसांसारखा, असं तू म्हणायचीस. (केस कोणी पाहिले होते? पण तू ते अशा खात्रीने सांगायचीस की अख्खा वर्ग मानायचा.)

त्या बाकावर बसायला आपल्याला एकदाच मिळालं. बाबा आपल्याला तिथे सोडून गेले त्या दुपारी. सिस्टरांनी आपल्याला त्यावर बसवलं आणि स्वतः लांब उभ्या राहिल्या. माझे पाय जमिनीला पोचत नव्हते. मी विचारलं, बाबा कुठे गेले? तू म्हणालीस, ट्रंक आणायला. ट्रंक आपल्या पायांशीच होती, ताई. मी तिच्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि बरं म्हटलं. संध्याकाळची घंटा होईपर्यंत तू मला फाटकाकडे बघू दिलं नाहीस. बागेतली झाडं मोजायला लावलीस आणि मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. सुखाच्या अशा काही फार दुपारी मला आठवत नाहीत, आणि ती तर रडायची दुपार होती. असो. विषय पँटचा आहे.

तर बाळ आला. पांढरी पँट घालून आला. नव्या सागाला पहिले काही दिवस पाणी लागलं की तो तपकिरी रंग सोडतो, थेट कोऱ्या चहासारखा. सागाचा तो स्वभाव आहे. पुढे बंद होतो. त्या सकाळी बाक ओला होता. पावसाची एखादी सर येऊन गेली असेल. बाळ बसला आणि बोलू लागला. लिफ्ट अशी, गरम पाणी असं, बाल्कनीत दोन कुंड्यासुद्धा ठेवता येतील. “मावशी, तिथे आईला काही म्हणजे काही करावं लागणार नाही.” हे त्याने मोठ्या प्रेमाने सांगितलं, आणि मला त्या टायवाल्या मुलाची आठवण झाली. ज्या बाईला काही करावं लागत नाही तिचं काय होतं, ते मी एक्स्चेंज सुटल्यावर वर्षभर आरशात पाहिलंय. पण मी चकार शब्द बोलले नाही. तो उठला, नमस्कार केला आणि तसाच ऑफिसच्या बैठकीला गेला. तिथे म्हणे तो सगळ्यांकडे पाठ करून फळ्यावर तासभर काहीतरी समजावत होता. डाग मला दिसला नाही. मला मोतीबिंदू आहे. (ऑपरेशन झालंय, पण होता.)

या प्रकाराने आमचे हे हादरले. सगळी नोकरी विमा कंपनीत गेल्यामुळे त्यांना प्रत्येक वस्तूत आधी अपघात दिसतो. माझ्या अपरोक्ष त्यांनी बाकाला जवसाचं तेल पाजलं, दोन हात. तो इतका चिकट झाला की शेजारी बसला तो उठायलाच तयार नव्हता. या वेळी त्याचा दोष नव्हता. तेलावर धूळ बसली, धुळीवर काळी बुरशी. मग त्यांनी मापं घेऊन ताडपत्रीचा अंगरखा शिवून घेतला आणि बाकाला गळ्यापर्यंत बांधून टाकलं. आठवड्याने सोडून बघतो तर आत घाम फुटलेला आणि बुरशी दुप्पट. मी म्हटलं, अहो, लाकूड आहे ते, त्याला वारा लागू द्या! कोणी जपतंय म्हणून गुदमरायचं का त्याने? यावर ते म्हणाले, “तू बाकाबद्दलच बोलते आहेस ना?” मी ब्रश शोधायला आत गेले.

आता अंगरखा माळ्यावर आणि तेलाची बाटली कचऱ्यात. मी रोज सकाळी साबणाच्या पाण्याने थोडा थोडा घासते, रेषेरेषेने. बुरशी गेली. बाकाच्या हातांच्या कडांवर रुपेरी झाक दिसायला लागली आहे, फक्त सकाळच्या उन्हात, आणि ती फक्त मला दिसते. यांना दिसत नाही. शेजाऱ्याला दिसत नाही. ज्याला दिसेल असं दुसरं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि ते सध्या पँटचा हिशेब मागतंय.

खुलासा संपला. बाळकडे जायचं तर खुशाल जा. लोकरीचं काहीतरी बरोबर ठेव, उंचावर वारा असतो.

तुझी,
धाकटी

ता. क. डाग निघत नसेल तर बाळला म्हणावं, उरलेली पँटही चहात बुडव. रंग सारखा होईल.

ता. क. अंगणाकडची खालची खोली मी रिकामी केली आहे. वाळवीची शंका होती. वाळवी निघाली नाही, पण आता सामान पुन्हा आत कोण नेणार, म्हणून ती तशीच आहे.

ती. ताईंना नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून या कोपऱ्यात दोन ओळी लिहितो. त्या आठवड्यात आमच्याकडे पाऊस पडला नव्हता. बाळ येणार असा फोन आल्यावर हिने बाकावर दोन बादल्या पाणी ओतलं, आणि मी त्याला कोरडी खुर्ची देत होतो ती आत नेऊन ठेवली. खोलीला रंग दिला आहे. वाळवीचं मी प्रथमच ऐकतो आहे. कळावे.

ता. क. ताई, पाकीट पुन्हा चिकटवलेलं दिसलं म्हणून उघडलं. यांनी लिहिलेलं सगळं खोटं आहे. बादली एकच होती. खालच्या न्हाणीघरात भिंतीला धरायला कठडा बसवलाय, ते मात्र लिहायचं राहिलं. मिस्त्रीला मी उंची हाताने दाखवली, तुझ्या कोपराइतकी, म्हणजे तो इतका खाली बसलाय की यांना वाकावं लागतं आणि मला तो लागतच नाही. काढायचा तर फरशा फुटतील. तेव्हा काय ते लवकर कळव.