धारेतली जागा आणि घोंगडीच्या तळाचे जोडे

मी, सुगंधाबाई, कै. लटारू भानारकर यांची बायको, जात ढिवर, वय साठीच्या आसपास, धंदा मासेमारी, राहणार मौजा दगडघाट, वैनगंगेच्या काठी, आज पूर्ण शुद्धीत आहे. सकाळी पोटभर आंबील प्याले आहे, डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब टाकणारे टाकून थकले, ते पुढे येईलच. मला लिहिता येत नाही म्हणून गडचिरोलीचे अर्जनवीस गुणवंतराव यांना बोलावून हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. मृत्युपत्रात जोड्यांबद्दल इतके लिहायचे नसते असे ते म्हणतात. मी म्हटले, लिहा.

१. राहते घर, मागची वाडी आणि चुलीवरचे मोठे गंज-पातेले माझा मुलगा बिरजू याला द्यावे. तो माजरीच्या कोळसा खाणीत कामाला आहे, नदीवर परत येणार नाही, आणि मला त्याचा राग नाही. घराचे कवेलू मात्र दर वर्षी पावसाच्या आधी फेरावे. आईचे घर गळले तर लोक मुलाला हसतात.

२. माझी चांदीची कडी सून इंदू हिला. ती मला कधी उलटून बोलली नाही. बोलली असती तर जास्त आवडली असती, पण कडी तिचीच.

३. डोंगा, फेकजाळे आणि धारेतली आमच्या घराची जागा माझी मुलगी रंभा हिला. या मृत्युपत्रात खरे महत्त्वाचे कलम हेच. बाकी सगळे गेले तरी चालेल, हे जाऊ नये.

गावाबाहेरच्या माणसासाठी सांगते. आमच्या घाटावर दोन खडकांच्या मधून पाणी जोरात येते, त्याला आम्ही धार म्हणतो. मासा तिथूनच वर चढतो. प्रत्येक घराची तिथे उभे राहायची जागा ठरलेली आहे, आणि त्या जागेवर घरातला पुरुष उभा राहतो. बाईने मासे विकावे, जाळे टाकू नये. शिवाय नदी ही गंगामाय, म्हणून पाण्यात उतरताना वहाण काठावर काढायची. हे दोन्ही नियम मी मोडले आणि मला त्याचा पस्तावा नाही.

माझ्या मालकांच्या पायात याच धारेत फुटका शिंपला घुसला. पाय काळा पडला आणि पोळ्याच्या आत माणूस गेला. बिरजू लहान, रंभा त्याहून लहान. जागा रिकामी राहिली तर दुसऱ्या घराला जाते, म्हणून मी जाळे घेऊन उभी राहिले. पण नवऱ्याला ज्याने नेले त्याच्यावर अनवाणी पाय ठेवायला मी काही वेडी नव्हते.

४. गडचिरोलीच्या ज्या दुकानदाराने मला गुडघ्याएवढे रबरी बूट "पाण्याचा थेंब आत जाणार नाही" म्हणून विकले, त्याला माझ्या इस्टेटीतून काहीही देऊ नये. थेंब गेला नाही हे खरे. लाटच वरून आत गेली, आणि पाय दगडासारखे जड होऊन मी बुडता बुडता वाचले. पुढे चामड्याचे करून पाहिले, ते फुगले, कुजले आणि कुत्र्याने नेले. तेव्हा अक्कल आली. पाणी आत येणारच, त्याच्याशी भांडू नये. ते बाहेर कसे जाईल ते पाहावे. मग मोटारीच्या टायरचा तळ, वर ताडपत्री, बाजूंना भोके, बांधायला जाळ्याची दोरी, असे जोडे मी स्वतः शिवले. तरी शेवाळावर टायर घसरे. एकदा ओले घोंगडे खडकावर वाळत टाकले होते, ते ओढून निघेना. त्या दिवशी जोड्याच्या तळाला घोंगडी शिवली, आणि खडकाने माझा पाय धरला.

५. आता माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, भैयाजी भानारकर. आमच्यात भासरा आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे आमचे सगळे भांडण रंभेच्या तोंडून झाले. समाजाचे मुखी तेच. भर बैठकीत म्हणाले, "रंभे, तुह्या मायले सांग, गंगामायच्या अंगावर जोडे घालून चढाचं नाई. लाज वाटत नाई काय?"

मी पदराआडून म्हटले, "रंभे, मोठ्या बाबाले सांग, डोंग्याचा बांबू टोचत टोचत नेता, तवा मायले लागत नाई काय? अन् मायले लेकराचा पाय सडलेला आवडते काय?"

कोणी हसले म्हणून त्यांना जास्तच लागले. माझे जोडे डोहात फेकले आणि मला सामायिक जाळ्याच्या वाट्यातून काढले. मी दुसरे शिवले आणि एकटीच उभी राहिले.

मग तो वैशाख आला. सगळ्या घरांनी मिळून विणलेले मोठे जाळे डोहात लावले होते. मासा भरला आणि पलीकडचा दोर सुटून धारेतल्या खडकाला अडकला. जाळे करकरू लागले. जो उतरे तो घसरे. भैयाजी स्वतः उतरले आणि चार हात वाहत गेले, लोकांनी धोतराला धरून ओढले. काठावर बाया रडू लागल्या, कारण ते जाळे फाटले असते तर पावसाळाभर सगळ्या गावाच्या चुली थंडच राहिल्या असत्या.

मी जोड्यांची दोरी आवळली आणि धारेतून गेले. पळत नाही, चालत. दोर सोडवला, कमरेला बांधला आणि तशीच चालत परत आले. मला माझ्या लग्नातही इतका आनंद झाला नव्हता, आणि मालक तर चांगला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैयाजी घाटावर आले. मी आणि रंभा जाळे धूत होतो. माझ्याकडे पाहिले नाही. ओल्या वाळूत दोन्ही पाय दाबून उभे राहिले, मग बाजूला झाले आणि म्हणाले, "रंभे, तुह्या मायले सांग, वाळू सुकाच्या आधी माप घे."

भासऱ्याच्या पायाला हात लावता येत नाही, म्हणून मी वाळूतल्या पावलांवर बांबूची काडी धरून माप घेतले. डावा पाय मोठा निघाला. आता आमच्या घाटावर अनवाणी माणूस धारेत दिसत नाही.

६. दाभण, आरी, उरलेला टायर आणि घोंगडी रंभेला. तिने ध्यानात ठेवावे: माप संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय फुगलेला असतो. अंगठा पुढे टेकू नये, टाच मागे हलू नये. जोडे सावलीत वाळवावे, चुलीजवळ नाही. बाई आली तरी शिवून द्यावे, तिने जाळे टाकायचे म्हटले तर आधी द्यावे.

७. माझे जोडे कोणालाही देऊ नयेत. दुसऱ्याचा जोडा चावतो. मला नेताना ते माझ्या पायात असावेत. आणि माझी राख धारेत सोडायला रंभेने उतरावे, तिच्या स्वतःच्या जोड्यांनी, आमच्या जागेवर उभे राहून.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे.

सुगंधाबाई लटारू भानारकर, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: आशाबाई, शेजारीण. जोडे डोहात फेकले त्या दिवशी माझ्याशी बोलणारी एकटीच. अंगठा.

साक्षीदार: भैयाजी भानारकर, समाजाचे मुखी. घाटावरून थेट आले, ओसरीत ओल्या जोड्यांचे ठसे उमटले. तिसरे कलम त्यांनी गुणवंतरावांकडून परत वाचून घेतले. अंगठा करताना जे बोलले ते त्यांच्याच सांगण्यावरून इथे लिहिले आहे:

"धारेतली जागा रंभेची. जोड्यासकट. मी मुखी म्हणून सांगून राह्यलो, कोणी मधात येऊ नोका. अन् रंभे, तुह्या मायले सांग, मराची घाई करू नोको म्हणा. माह्या डाव्या जोड्याची घोंगडी झिजली, आधी ते शिव."

मौजा दगडघाट, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. ता. ५ मे १९५८.