बारा पाऊण नऊ

बाबा, तुमच्या तरीच्या होडीवर वल्हं मारत वाढलेला मी आता कतारमध्ये दुखानला तेलाच्या कंपनीत मेंटेनन्स बघतो, आणि इथेही लोक माझं ऐकतात. पंप कशाने बिघडलाय हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो, आणि सहसा चुकत नाही. हे एवढ्यासाठी सांगतोय की मागच्या शुक्रवारी मी अल खोरच्या खाडीत दीड तास चिखलात रुतून बसलो होतो, आणि त्याचं खापर मी तुमच्यावर फोडलं.

लेकीला शाळेसाठी एका बेटाबद्दल प्रोजेक्ट करायचा होता, म्हणून तिला घेऊन गेलो. बेट तसं उघडंबोडकं, पांढरट खडकाचं. ना माड, ना पाऊस. पण भोवती सगळं तिवर, अगदी आपलं तिवर, तीच खारट पानं आणि चिखलातून वर आलेल्या त्याच मुळ्या. हजारो वर्षांपूर्वी इथली माणसं शंखातल्या प्राण्यापासून जांभळा रंग काढायची, त्या शंखांचे ढीग अजून सापडतात, म्हणून त्याला पर्पल आयलंड म्हणतात. पुढे मोती काढणारेही इथे तळ टाकायचे. तिवरांतून होडीने फिरायचं तर भरती हवी. मी तिथीचं कॅलेंडर काढलं, द्वादशी निघाली. बारा पाऊण नऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे तुम्ही मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतंत, मग मोबाईल कशाला बघू?

बोटी भाड्याने देणारा केरळचा माणूस म्हणाला, "साब, अभी पानी उतर रहा है. दोपहर को आओ." मी हसलो. म्हटलं, "भाई, हम खाडीवाले लोग हैं. यल्ला, चलो, बोट दो." वीस मिनिटांत वल्हं चिखलाला लागलं आणि होडी बसली ती बसलीच. लेक पुढे पाय पोटाशी घेऊन बसली होती. "बाबा, यू सेड नाईन." मी वल्हं चिखलात रोवून जोर लावला. मग म्हणाली, "सो आजोबा वॉज राँग?" आणि मी म्हणालो, "हो. जुन्या लोकांचं गणित, जुनं झालं ते." शेवटी तोच माणूस गुडघाभर चिखल तुडवत आला आणि दोर बांधून आम्हाला ओढून काढलं. आभार मानायला शुक्रान म्हणताना माझी मान वर होत नव्हती.

परतताना गाडीत मामाच्या गावची खाडी आठवली. मी बारा वर्षांचा आहे. मामाची होडी न सांगता पाण्यात लोटलीय, आणि ती मधेच वाळूवर बसलीय. तुम्ही धक्क्यावर उभे आहात, लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. मी ओरडून सांगतोय की गणित बरोबर केलं होतं. तुम्ही म्हणता, "गणित आपल्या खाडीचं हाय रे. हितला म्हातारा धक्क्यावर जाळं शिवत बसलाय, तो काय शोभेला? त्याला इचारलंस?" सगळं मामाघर हसलं. मी दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

म्हणजे नियमाचा दुसरा अर्धा भागही तुम्ही शिकवला होता. मी सोयीचा तेवढा लक्षात ठेवला.

आज शनिवार. दुपारी तिचा प्रोजेक्ट वाचला. नकाशा हाताने काढलाय, तिवराचं पान चिकटवलंय, शंखांचं सगळं नीट लिहिलंय. मला अभिमान वाटला. शेवटी इंग्रजीत एक ओळ आहे, माझ्या आजोबांचा भरतीचा नियम चुकीचा निघाला. उद्या ती हे वर्गात वाचणार. ती जन्मायच्या आधीच तुम्ही गेलात, तिने तुम्हाला कधी पाहिलं नाही. तुमच्याबद्दल तिच्याजवळ एवढी एकच ओळ आहे, आणि ती खोटी आहे, मी दिलेली.

ती शेजारच्या खोलीत रंगपेट्या आवरतेय. हा कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकतो आणि जातो तिच्याकडे. खरं तर आधी तिकडेच जायला हवं होतं, पण तुमच्यापुढे कबूल करणं सोपं वाटलं, बाबा. तुम्ही आता "त्याला इचारलंस?" म्हणत नाही. खरं सांगितलं की ती म्हणेल.