हॉवरक्राफ्टला वाहिलेला झेंडू

बाबा, ते उचलतं. एवढंच सांगायचं होतं, पण एवढं सांगून माझा राग जायचा नाही, म्हणून लिहायला बसलोय.

रद्दीवाल्याकडून तुम्ही जुनी अमेरिकन मासिकं किलोवर आणायचात. मागच्या पानांवर टकलावर केस उगवणारं तेल, घरबसल्या पिळदार शरीर, आणि या दोन थापांच्या मधोमध तो टाय लावलेला गृहस्थ, तळ्यावर बशीसारख्या यंत्रात अधांतरी बसलेला. स्वतःचं हॉवरक्राफ्ट घरी बनवा, आराखडे मागवा. माझ्या वयाची पोरं क्रिकेटवाल्यांचे फोटो जमवायची, मी त्या माणसाच्या कोरड्या बुटांकडे बघत बसायचो. आणि तुम्ही, जिना झाडला नाही म्हणून झाडूवाल्यालाही कधी न बोललेला माणूस, चक्क आराखडे मागवलेत. कारखान्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांच्या रेघा ओढायचात, ते आराखडे आले त्या दिवशी ताटात काय वाढलंय हे न बघता जेवलात. तेव्हा तुम्ही मला फार आवडला होतात. राग त्याचाच आहे.

सोसायटीच्या स्कूटर पार्किंगमध्ये आपण बसतो. प्लायवूडची गोल चकती, भंगारातून आणलेली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, आणि खाली हवा कोंडायला ताडपत्रीचा घेर. घेर आई शिवते, शिलाई मशीनच्या सुया मोडत, बोटाला चिंधी बांधून. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळं तयार होतं. मी बटणाकडे हात नेतो आणि तुम्ही माझा कान पिळता. "उद्या पूजा आहे. पूजेआधी यंत्र उष्टं करायचं नाही." दुसऱ्या दिवशी पान्हे, करवत, स्कूटर आणि हॉवरक्राफ्ट, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. "आज हत्यारांना विश्रांती. हात लावायचा नाही." तिसऱ्या दिवशी घेर जरा बघायला हवा होता. मग व्होल्टेज कमी होतं. मग माझी परीक्षा होती, जणू हॉवरक्राफ्टच पेपराला बसणार होतं. बघता बघता पुढची खंडेनवमी आली आणि तुम्ही पुन्हा झेंडू घेऊन हजर.

"काय साहेब, विमान कधी उडणार?" तळमजल्यावरचे काका विचारायचे.

"थोडं काम बाकी आहे."

काहीही बाकी नव्हतं, बाबा. पान्हे मी देत होतो, मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. "अहो, उडू नका हवं तर," ती एकदा म्हणाली. "मी शिवलंय ते फुगतं का, एवढं तरी बघू द्या." त्यावर तुम्ही म्हणालात, "तुला त्यातलं काय कळतं?" तिने घेर शिवला होता. त्यातलं अर्धं तिनेच केलं होतं. पुढे सोसायटीचं रंगकाम निघालं, पार्किंग रिकामं करायची नोटीस लागली, आणि तुम्ही ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवलंत, सुकलेल्या हारासकट. वर येऊन विचारलंत, "भाजी कसली आहे?"

आता मी डच लोकांच्या देशात, डेल्फ्टजवळ राहतो. इथल्या लोकांनी समुद्र मागे सारला आणि त्या जागी बटाटे लावले, मुहूर्त न बघता. यंदा लेकीबरोबर सायकलींच्या शेडमध्ये मी ते यंत्र बनवलं. आराखडे आता फुकट मिळतात, मोटरीऐवजी झाडांची पानं उडवायचा ब्लोअर. घेर लेकीने शिवला. खंडेनवमीला नर्सरीतल्या कुंडीतला झेंडू खुडून मी ब्लोअरला वाहिला, हळदकुंकू लावलं, आणि माझ्या तोंडून तुम्ही बोललात. "आज हात लावायचा नाही."

लेकीला मराठी कळतं, उत्तर मात्र डचमधून येतं. "वारोम?" म्हणजे, का?

"कारण," मी म्हणालो. आयुष्यभर लोकांना टोमणे मारत जगलेला माणूस मी, बारा वर्षांच्या पोरीपुढे ब्लोअरवरचा झेंडू सारखा करत राहिलो. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या आजींनी कॉफीचा मग हातात धरून विचारलं, चालतं का? 'कधी उडणार' असं नाही, 'चालतं का'. एवढाच फरक आहे दोन देशांत, बाकी सगळं हवामान.

पोरीने चकतीवर बसून बटण दाबलं. घेर फुगला, झेंडू उडून आजींच्या कुंपणात गेला, आणि ती बसल्या जागी दोन बोटं वर उचलली गेली, गिरकी घेत भिंतीला जाऊन आपटली, आणि हसत सुटली.

आई व्हिडिओ कॉलवर होती. "फुगलं?"

"फुगलं."

"माझंही फुगलं असतं रे. दुहेरी शिवण घातली होती मी." मग म्हणाली, "ठेवते, दूध तापत ठेवलंय."

तुमची भीती मला कळते. नाही उचललं तर लोक हसतील. हसले असते. आई नसती हसली. तिची शिवण तुम्ही न तपासताच नापास केलीत, आणि वर्षानुवर्षं त्याच शिवणीवर झेंडू वाहत राहिलात, त्याला मी भक्ती म्हणणार नाही.

हे तुमच्या फोटोसमोर वाचणार नाही, आईला तर नाहीच नाही. फक्त एक सांगतो. पोरीचा हात बटणाकडे जात होता, तेव्हा मी मनात म्हणत होतो, नको उचलू दे. नसतं उचललं, तर तुम्ही बरोबर ठरला असतात.