पुढची खोली भाड्याने द्यायची नाही

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, या घराची मालकीण, कंपाउंडरांच्या मागे राहिलेली त्यांची बायको, वय अंदाजे ऐंशी (माझ्या जन्माची नोंद कुणी केली नाही, तेव्हा यावर वाद घालू नये), आज पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण वैतागात हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. वकीलबाई लिहितात आणि वाचून दाखवतात. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. उलट मीच दडपण आणते, अशी घरात तक्रार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी धमक्या बऱ्याच दिल्या, त्या सर्व रद्द समजाव्यात.

१. घर. हे घर मुळात दवाखाना. माझे यजमान इथे कंपाउंडर होते, आम्ही राहायचोही इथेच. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं, जाताना त्यांनी इमारत आम्हाला हप्त्यांवर दिली. हप्ते फिटावेत म्हणून मी खोल्या मुक्कामाला द्यायला लागले. सकाळी औषधाच्या खिडकीतून चहा, टोस्ट, अंडं. तेव्हा फिरते विक्रेते यायचे, बदलीवरचे कारकून यायचे आणि उशी कडक आहे म्हणून माझ्याशी भांडायचे. आता कारभार मुलाकडे आहे. लोक लांबून येतात, वाकड्या जिन्याचे फोटो काढतात, डॉक्टरांच्या वजनकाट्यावर उभे राहून खिदळतात आणि जाताना कडक उशीचंसुद्धा कौतुक करतात.

सदर घर माझ्या पश्चात माझ्या सुनेला व मुलाला समान हक्काने मिळावं. सुनेला आधी लिहा म्हटल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "आजी, क्रमाने काही फरक पडत नाही."

"पडत नाही ना? मग लिहा."

२. बचत. बँकेतल्या रकमेतून आधी जिना सरळ करावा आणि न्हाणीतला नळ बदलावा. उरेल ते माझ्या लेकीला, शिवणयंत्रासह. जिन्याचं मी वर्षानुवर्षं सांगते आहे. मुलाचं उत्तर ठरलेलं : "आई, हात लावायचा नाही. लोक त्यासाठीच येतात. त्याला कॅरेक्टर म्हणतात."

नळ गळतो, ते कॅरेक्टर. माझा गुडघा वाजतो, तोही त्यातच धरलाय. नाश्त्याच्या वेळी मला खिडकीशेजारी खुर्चीत बसवतात. एका बाईंनी तर फर्माईशच केली, "आजी, काहीतरी खमंग बोला ना!" मी म्हटलं, "पाय उचला, सतरंजी मळतेय." त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते लगेच फोनवरून मैत्रिणीला कळवलं. मला आता रागवायचीही सोय उरलेली नाही. रागावले की लोक टाळ्या वाजवतात.

३. धाकटे दीर. यांना काहीही देऊ नये. यांनी चारचौघांत माझ्या यजमानांना 'बाटल्या हलवणारा' म्हटलं होतं. बाटल्या हलवूनच हे घर झालं. काहीच दिलं नाही असं त्यांनी म्हणू नये, म्हणून औषधाची एक रिकामी बाटली द्यावी. हलवत बसतील.

४. पुढची खोली. मुळात हे मृत्युपत्र या कलमासाठी आहे. बाकीचं आलंच आहे तर लिहून घेतलं.

रस्त्याकडे खिडकी असलेली ही खोली लग्न झाल्यापासून माझी. दोन्ही मुलं इथे झाली, यजमान इथे गेले. दोन वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या सीझनपुरती दे." तो सीझन अजून चालू आहे. मी जिन्याखालच्या कोठीत, धुवायच्या चादरींशेजारी. खोलीचं नाव ठेवलं 'आजीची खोली', आणि सगळ्यांत महाग तीच. पलंग माझा, आरसा माझा, यजमानांचा चष्मासुद्धा टेबलावर शोभेला. पाहुणे विचारतात, "आजी इथेच झोपायच्या का हो?" मी दारातून सांगते, "हो, बिचाऱ्या इथेच झोपायच्या." ते हसतात. मुलगाही हसतो.

म्हणून मागे एकदा वकीलबाईंना बोलावलं. तर त्या म्हणाल्या, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं.

"म्हणजे मेल्यावर मला खोली मिळणार?"

"कायदाच तसा आहे, आजी."

"तेव्हा मला कुठली मिळेल ते तुमच्या कायद्याच्या हातात आहे का?"

शेवटी मी लेकीला फोन केला. तिने माझ्याच पैशांतून, मैत्रिणीच्या नावाने, ही खोली आठवडाभरासाठी घेतली. सोमवारी मुलगा केस विंचरून, फुलं घेऊन पुढच्या दारात उभा. मी पिशवी घेऊन मागून बाहेर पडले, वळसा घालून पुढे आले आणि घंटा वाजवली.

"आई, बाजूला हो गं, पाहुणे येतायत."

"आले."

"कुठे?"

"किल्ली दे."

सूनबाई आधी हसली. मग त्याच्या हातातली फुलं काढून घेऊन तिनेच मला दिली.

पाहुण्यांची तक्रार त्याच दिवशी दूर करायची, असा या घराचा नियम आहे. मी तक्रार केली, दाराला आतून कडी नाही (आधीच्या पाहुण्यांना तेही कॅरेक्टर वाटलं असावं). संध्याकाळच्या आत सुतार येऊन बसवून गेला. आई म्हणून जे इतक्या वर्षांत झालं नाही, ते पाहुणी म्हणून एका दिवसात झालं. याचा आनंद मानायचा की रडायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

इथवर लिहून झालं तेव्हा मुलगा दारात आला. "आई, आठवडा उद्या संपतो. अकरापर्यंत खोली मोकळी करावी लागेल. नवं जोडपं येतंय, त्यांना हीच हवीय."

"त्यांना कोठी दे."

"आई, चेष्टा नको."

"दोन वर्षं रोज सांगतेय."

तो पलंगावर बसला. "मला वाटलं, तुला चालतंय. तू हसत सांगायचीस."

"हसत सांगितलं म्हणून खोटं झालं का रे?"

तेव्हा पुन्हा गैरसमज नको म्हणून वकिली भाषेत सांगते :

५. सदर खोलीत मी हयात असेपर्यंत राहीन. ती मी एकदाच मोकळी करीन. वेळ सांगता येत नाही, अकराचा नियम मला लागू नाही. माझ्या पश्चातही ती भाड्याने देऊ नये. तिथे सुनेने व मुलाने राहावं. ती दोघं माळ्यावर पाण्याच्या टाकीशेजारी झोपतात. घर आपलं आणि आपण सगळे अडगळीत, हे मला मान्य नाही.

मुलगा उठून बाहेर गेला आहे. त्या जोडप्याशी फोनवर बोलतो आहे, भिंतीतून ऐकू येतं : "नाही हो, ती खोली मिळणार नाही. तिथे माझी आई राहते."

हे वाक्य वकीलबाईंनी जसंच्या तसं लिहावं आणि त्याच्याखाली माझा अंगठा घ्यावा.

अंगठा : डाव्या हाताचा, लिहून देणारीचा. मजकूर वाचून दाखवला, तिने दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावला, मग मान्य केला.

साक्षीदार :
१. सुतार. सही केली.
२. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, दोन रात्रींसाठी आले ते अजून इथेच. सही केली.

स्थळ : पुढची खोली
दिनांक : नऊ मार्च